भंगारातील किरणांचा शोध

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामॉस येथे अणुसंशोधनाची एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिच्या आवारातून एखादा किरणोत्सर्गी पदार्थ चुकून बाहेर जाऊ नये, म्हणून रस्त्याच्या कडेला किरणशोधक उपकरणे बसवलेली होती. १६ जानेवारी १९८४ रोजी एक मालमोटार वाट चुकून त्या रस्त्याला आली आणि उपकरणांनी धोक्याची सूचना दिली. आश्चर्य असे की, त्या मोटारीचा प्रयोगशाळेशी काडीचाही संबंध नव्हता. तिच्यात होत्या घरबांधणीला लागणाऱ्या साध्या लोखंडी सळया!

सळया आल्या होत्या शेजारच्या मेक्सिको देशातून. त्यांचा माग काढत अधिकारी प्रथम पोलादाच्या कारखान्यात आणि तेथून हुआरेझ या शहरातील एका भंगारवाड्यात पोहोचले. तेव्हा सारा उलगडा झाला. कर्करोगावर किरणोपचार करण्याचे एक जुने यंत्र १९७७ साली एका खासगी रुग्णालयासाठी आणले गेले होते. ते कधी वापरलेच गेले नाही. कोठीत पडून राहिले. डिसेंबर १९८३ मध्ये त्याचे भाग सुटे करून भंगारात विकण्यात आले. यंत्राच्या पोटात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या सुमारे ६,००० बारीक गोळ्या होत्या. एकेक गोळी मोहरीच्या दाण्याएवढी, सुमारे १ मिलिमीटर व्यासाची. गोळ्यांची डबी फुटली. काही गोळ्या वाहनात सांडल्या, काही वाड्यात पसरल्या. कोबाल्ट लोहचुंबकाकडे ओढले जाते, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे भंगार उचलणाऱ्या विद्युतचुंबकाने लोखंडाबरोबर या गोळ्याही उचलल्या आणि त्या भट्टीत जाऊन पडल्या. सळया झाल्या, टेबलांचे पाय झाले, आणि ते दोन देशांत विकलेही गेले. पुढे मेक्सिकोत ८१४ इमारती पूर्णतः किंवा अंशतः पाडाव्या लागल्या.

विचार करा, ती मालमोटार वाट चुकली नसती तर? सळया दिसायला इतर सळयांसारख्याच होत्या. त्यांना वास नव्हता, त्या गरम लागत नव्हत्या, वजनातही फरक नव्हता. माणसाच्या पाचही ज्ञानेंद्रियांना जे कळत नाही, ते रस्त्याकडेच्या उपकरणाला मात्र मोटार पुढून जाता जाता कळले. ते कसे, हे या लेखात पाहावयाचे आहे. आज अनेक देशांतील बंदरांवर, सीमेवरील नाक्यांवर, पोलादाच्या कारखान्यांच्या फाटकांवर आणि कचरा साठवण्याच्या जागांवर अशी उपकरणे उभी असतात. त्यांचे काम वरवर सोपे वाटते: किरण आले की घंटा वाजवावयाची. प्रत्यक्षात मात्र त्यांच्यापुढील प्रश्न बराच नाजूक आहे.

किरण मोजायचे कसे?

किरणोत्सर्गी अणूच्या केंद्रातून आल्फा, बीटा आणि गॅमा असे तीन प्रकारचे किरण बाहेर पडतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल. आल्फा कण साध्या कागदानेही अडतात. बीटा कण काही मिलिमीटर जाडीच्या धातूच्या पत्र्याने अडतात. मालमोटारीच्या पोटातून, मालातून आणि पत्र्यातून पार होऊन रस्त्याच्या कडेपर्यंत येतील असे किरण म्हणजे गॅमा किरण. म्हणून फाटकावरचा आपला पहारेकरी मुख्यतः गॅमा किरणांवरच डोळा ठेवतो. (काही दरवाजांवर न्यूट्रॉन टिपणारी उपकरणेही असतात. प्लुटोनियमसारख्या द्रव्यातून न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते शिशाला फारशी दाद देत नाहीत.)

गॅमा किरण टिपण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे गायगर-म्यूलर गणित्र. विरळ वायूने भरलेल्या नळीत किरणाने आयन निर्माण केले की विजेचा एक स्पंद मिळतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. पण गॅमा किरण फार भेदक असल्याने शंभरातले नव्याण्णव नळीतून न टिपले जाता निघून जातात. धावत्या मोटारीसाठी हे साधन तोकडे पडते.

म्हणून येथे दुसरी युक्ती वापरतात. काही पदार्थ असे आहेत की, त्यांच्यावर गॅमा किरण पडला असता क्षणभर प्रकाशाची बारीकशी चमक निर्माण होते. अशा पदार्थाला प्रस्फुरक म्हणतात. थॅलियमचा अंश मिसळलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक हा एक प्रसिद्ध प्रस्फुरक. विशिष्ट प्लॅस्टिकची जाड फळी हा दुसरा. ही चमक इतकी मंद असते की डोळ्याला दिसणे शक्यच नाही. तिच्यामागे प्रकाशगुणक नलिका बसवतात. चमकेतील प्रकाशकण नलिकेच्या तोंडाशी असलेल्या पातळ थरावर पडतात आणि तेथून इलेक्ट्रॉन सुटतात. हे इलेक्ट्रॉन एका धातूच्या पट्टीवर आपटतात. प्रत्येकामागे समजा चार नवे सुटतात. ते दुसऱ्या पट्टीवर आपटतात, तेथे एकाचे पुन्हा चार. अशा दहा पट्ट्या असल्या तर एका इलेक्ट्रॉनचे शेवटी किती होतील? चारचा दहावा घात, म्हणजे दहा लाखांहून अधिक. एवढा स्पंद मोजणे सोपे आहे.

रस्त्याकडेच्या खांबांत मुख्यतः प्लॅस्टिक प्रस्फुरकाच्या मोठ्या फळ्या असतात. त्या स्वस्त पडतात, माणसाच्या उंचीएवढ्या करता येतात आणि जितके क्षेत्रफळ मोठे तितके अधिक किरण त्यांत सापडतात. खांब नेहमी दोन्ही बाजूंना उभारतात. बिंदूसारख्या उगमापासूनच्या किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. उगम एका खांबापासून १ मीटर व दुसऱ्यापासून ३ मीटर अंतरावर असेल, तर दूरच्या खांबाला जवळच्याच्या एक-नवमांश किरणच मिळतात. एकच खांब असता, तर पलीकडच्या कडेला लपलेला उगम सहज निसटला असता.

शून्य कोठेच नसते

आता खरी अडचण येथे सुरू होते. रस्ता रिकामा आहे, मोटार नाही, भंगार नाही. उपकरणाने शून्य दाखवावे अशी आपली अपेक्षा. पण ते शून्य कधीच दाखवत नाही. जमिनीतील खडकांत व मातीत युरेनियम, थोरियम आणि त्यांची अपत्य मूलद्रव्ये असतात. पोटॅशियम तर सर्वत्र असते आणि त्यातील फार थोडा अंश पोटॅशियम-४० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा असतो. आकाशातून विश्वकिरणांचा वर्षाव अहोरात्र चालू असतो. फार कशाला, तुमच्या स्वतःच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० चे काही हजार अणू विघटन पावत आहेत! या सर्वांच्या बेरजेला पार्श्वप्रारण म्हणतात. मोठ्या प्रस्फुरकात पार्श्वप्रारणामुळेच सेकंदाला शेकडो, हजारो स्पंद मिळतात.

म्हणजे पहारेकऱ्याचा प्रश्न ‘किरण आहेत का?’ असा नाही, किरण आहेतच. प्रश्न आहे, ‘नेहमीपेक्षा जास्त आहेत का?’ असा. आणि हा ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द फसवा आहे, कारण नेहमीचा आकडासुद्धा स्थिर नसतो.

वळवाच्या पावसाची पहिली सर शहाबादी फरशीच्या अंगणात पडताना पाहा. सगळ्या फरश्या सारख्या आकाराच्या, पाऊसही सर्वत्र सारखाच. तरी एका फरशीवर १३ थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर १९, तिसरीवर १६. यात कोणत्याही फरशीचा काही विशेष गुण नाही. थेंब एकमेकांना विचारून पडत नाहीत, एवढेच त्याचे कारण. अणूंची विघटनेही तशीच एकमेकांपासून स्वतंत्र असतात. कोणता अणू कोणत्या क्षणी फुटेल, हे सांगता येत नाही. म्हणून दर सेकंदाची गणना कमी-जास्त होत राहते.

सुदैवाने या चढउताराचाही एक सुंदर नियम आहे. सरासरी गणना न असेल, तर चढउताराचे सर्वसाधारण माप न चे वर्गमूळ एवढे असते. सरासरी १६ असेल तर माप ४. १०० असेल तर १०. २,५०० असेल तर ५०. सुमारे दोन-तृतीयांश वेळा गणना सरासरीपासून या मापाच्या आत राहते, आणि सुमारे ९५ टक्के वेळा त्याच्या दुपटीच्या आत.

किती वाढ म्हणजे वाढ?

आता आपण स्वतःच एक दरवाजा चालवून पाहू. समजा, पार्श्वप्रारणामुळे दर सेकंदाला सरासरी १,२५० स्पंद मिळतात आणि प्रत्येक मोटार उपकरणासमोर २ सेकंद असते. म्हणजे साध्या, निर्दोष मोटारीची सरासरी गणना २,५०० आणि चढउताराचे माप ५०. घंटा कोणत्या आकड्याला वाजवावी?

२,६०० ला, म्हणजे दोन मापे वर ठेवली, तर निर्दोष मोटारींपैकी दर हजारी सुमारे २३ मोटारींना घंटा वाजेल. बंदरावर दिवसाकाठी हजारो मोटारी जात असतील, तर दिवसभर घंटाच वाजत राहील आणि दोन दिवसांत पहारेकरी ती ऐकेनासा होईल. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. २,६५० ला ठेवली, तर खोटी घंटा हजारात सुमारे एकदा वाजेल. २,७०० ला, म्हणजे चार मापे वर ठेवली, तर सुमारे तीस हजारांत एकदा. हे ठीक वाटते. पण त्याची किंमतही मोजावी लागते: ज्या उगमामुळे गणना फक्त १०० ने वाढते, तो आता बहुतेक वेळा गुपचूप निघून जाईल. मर्यादा खाली आणली तर खोट्या घंटा वाढतात. वर नेली तर खरे उगम निसटतात. दोन्ही एकदम टाळता येत नाहीत. कोणते उपकरण घेतले, यापेक्षा ही मर्यादा कोठे ठेवली, हा निर्णय कित्येकदा अधिक महत्त्वाचा ठरतो.

यावर एक उपाय मात्र आहे, आणि तो अगदी फुकटचा आहे. मोटार सावकाश चालवा! वरच्या उदाहरणातील २ सेकंद ताशी ८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे होते असे समजू. या वेळात ती सुमारे साडेचार मीटर पुढे जाते. तीच मोटार ताशी ३२ किलोमीटर वेगाने गेली, तर उपकरणासमोर ती अर्धाच सेकंद राहील. आता पार्श्वगणना ६२५, वर्गमूळ २५, आणि चार मापे म्हणजे १००. अर्ध्या सेकंदात १०० ची वाढ म्हणजे सेकंदाला २०० ची वाढ. पूर्वी २ सेकंदांत २०० ची, म्हणजे सेकंदाला १०० ची वाढ पुरत होती. वेग चौपट केला, तर सापडण्यासाठी उगम दुप्पट जोरकस असावा लागतो. घाईत असलेला वाहनचालक पहारेकऱ्याची दृष्टी निम्मी करून टाकतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मालच आडवा येतो

दुसरी अडचण मालाची. सीझियम-१३७ या समस्थानिकाचे गॅमा किरण सुमारे दीड सेंटिमीटर जाडीच्या घट्ट लोखंडातून जाताना निम्मे होतात. भंगार घट्ट नसते. त्यात मोकळी जागा पुष्कळ. त्याची घनता लोखंडाच्या एक-अष्टमांश धरली, तर किरण निम्मे होण्यास सुमारे १२ सेंटिमीटर भंगार लागेल. उगम भंगाराच्या ढिगात ६० सेंटिमीटर आत असेल, तर किरण पाच वेळा निम्मे होतील, म्हणजे १/३२ उरतील. ९६ सेंटिमीटर आत असेल तर आठ वेळा निम्मे, म्हणजे १/२५६. जो उगम मोटारीच्या कडेला असता तर घंटा दणाणली असती, तो मधोमध असला की कुजबुजतोसुद्धा नाही.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. लोखंडाने भरलेली मोटार खांबांमध्ये आली, की गणना वाढण्याऐवजी कमी होते! कारण उघड आहे. खांबांना मिळणारे पार्श्वप्रारण बरेचसे जमिनीतून आणि आजूबाजूने येते. भरलेली मोटार त्याच्या आड उभी राहते. तिची जणू सावलीच पडते. त्यामुळे लहानशा उगमाने केलेली वाढ या घटीत बुडून जाऊ शकते. म्हणून चांगल्या उपकरणात केवळ एकूण आकडा पाहत नाहीत, तर मोटार पुढे सरकत असताना गणना कशी चढते-उतरते, तिचा आलेखही पाहतात. सगळ्या मोटारीभर सपाट घट आणि मध्येच एखादा टोकदार उंचवटा दिसला, तर तो संशयास्पद समजतात.

आणि उगम आपल्या शिशाच्या जाड डब्यात शाबूत असेल तर? सीझियम-१३७ चे किरण सुमारे ०.६५ सेंटिमीटर शिशात निम्मे होतात. साडेसहा सेंटिमीटर शिसे असले, तर दहा वेळा निम्मे होऊन ते हजारावा भाग उरतात. डबा जितका चांगला, तितका तो माणसाला सुरक्षित. पण तितकाच तो पहारेकऱ्याच्या नजरेआडही. मग हाच डबा भट्टीत वितळतो. मे १९९८ च्या अखेरीस दक्षिण स्पेनमध्ये आल्हेसिरासजवळच्या एका पोलाद कारखान्यात असेच झाले. फाटकावर किरणशोधक असूनही सीझियम-१३७ चा उगम भंगाराबरोबर आत गेला आणि वितळला. सीझियम ६७१ अंश सेल्सियसला उकळते, पोलाद वितळते सुमारे १,५०० अंशांना. तेव्हा सीझियमची वाफ होऊन ते धुराड्याच्या वाटेने गेले. त्याचा माग फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली व जर्मनी येथील हवेत सापडला. मेक्सिकोतील कोबाल्ट मात्र पोलादातच विरघळून राहिले होते. कोणते द्रव्य कोठे जाईल, हे त्याचे रसायनशास्त्र ठरवते. म्हणूनच फाटकावरच्या एका तपासणीवर न थांबता, वितळलेल्या धातूचा नमुना, मळी आणि धुराड्यातील धूळ यांचीही वेगवेगळी तपासणी करावी लागते.

घंटा वाजली, पुढे काय?

घंटा वाजली म्हणजे गुन्हेगार सापडला, असे मुळीच नाही. घंटा हा एक प्रश्न आहे. ते उत्तर नव्हे. पोटॅशियुक्त खताची मोटार घ्या. १ ग्रॅम नैसर्गिक पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू विघटन पावतात. म्युरिएट ऑफ पोटॅश या खतात वजनाने सुमारे निम्मे पोटॅशियम असते. तेव्हा १० टन खतात दर सेकंदाला सुमारे १५ कोटी विघटने होतात. (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. तेव्हा हे १५ कोटी बेकरेल झाले.) त्यांतील सुमारे दहात एका विघटनातच गॅमा किरण बाहेर पडतो, तरीही घंटा वाजायला तेवढे पुरते. ग्रॅनाइटच्या फरश्या, चिनी मातीची भांडी, विटा, केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त मोनाझाइट वाळू, जुन्या पेट्रोमॅक्स बत्तीच्या थोरियम लावलेल्या जाळ्या, या सर्वांची गणना कमी-अधिक वाढते. यांत लपवाछपवी काही नाही. निसर्गच तसा आहे.

कचऱ्याच्या बाबतीत बऱ्याच घंटा रुग्णालयांमुळे वाजतात. कंठस्थ ग्रंथीच्या विकारांवर आयोडीन-१३१ देतात. त्यातील बराच भाग रुग्णाच्या मूत्रातून बाहेर पडतो आणि वापरलेले कपडे, कापूस, कागद यांबरोबर कचऱ्यात येऊ शकतो. आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल ८ दिवसांचा आहे. म्हणजे अशी पिशवी वेगळी काढून ८० दिवस बंदोबस्तात ठेवली, तर दहा अर्धायुष्ये उलटून हजारावा भागच उरतो. येथे काळ हाच उपाय. पण त्याच कचऱ्यात कारखान्यातील मापनयंत्राचा सीझियम-१३७ चा उगम असेल, तर त्याचा अर्धायुष्यकाल ३० वर्षांचा. तेथे थांबून भागणार नाही; तो शोधून काढून योग्य हाती सोपवलाच पाहिजे.

तेव्हा प्रश्न असा की, घंटा कोणामुळे वाजली हे ओळखावयाचे कसे? येथे सोडियम आयोडाइडचा स्फटिक उपयोगी पडतो. त्यातील चमकेची तेजस्विता गॅमा किरणाने स्फटिकात सोडलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असते. स्पंद नुसते न मोजता लहानमोठे असे वेगळे करून त्यांचा आलेख काढला, की ठरावीक ऊर्जांशी उंचवटे दिसतात. हा झाला ऊर्जापट. प्रत्येक समस्थानिकाचे उंचवटे ठरलेले असतात. टेक्नेशियम-९९एम चा १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला, आयोडीन-१३१ चा मुख्य उंचवटा ३६४ ला, सीझियम-१३७ चा ६६२ ला, कोबाल्ट-६० चे दोन, १,१७३ आणि १,३३२ ला, तर पोटॅशियम-४० चा १,४६१ ला. माणसाच्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्याशी जुळत नाहीत, तसेच हे. म्हणून तपासणीचे दोन टप्पे असतात. पहिल्यात मोठ्या प्लॅस्टिक फळ्या ‘काहीतरी जास्त आहे’ एवढेच सांगतात. दुसऱ्यात मोटार बाजूला घेऊन, हाती धरायच्या स्फटिकाच्या उपकरणाने ते ‘काहीतरी’ कोठे आहे व कोण आहे, हे ठरवतात.

दारापलीकडची जबाबदारी

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात काही माणसे अचानक आजारी पडली. त्वचा काळवंडली, केस गळू लागले. डॉक्टरांना किरणबाधेची शंका आली. अणुऊर्जा नियामक मंडळ व भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या तज्ज्ञांनी बाजारातून कोबाल्ट-६० चे तुकडे शोधून काढले. उगम होता एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील किरणयंत्रातला. ते १९८५ पासून वापरात नव्हते आणि फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले होते. कोबाल्ट-६० चा अर्धायुष्यकाल ५.२७ वर्षे. यंत्र बंद होते त्या २५ वर्षांत त्याची क्रियाशीलता सुमारे १/२७ इतकी उतरली होती. तरीही जे उरले होते, त्याने एका कामगाराचा बळी घेतला आणि इतर अनेकांना रुग्णालयात जावे लागले. येथे घंटा वाजवणारे उपकरण वाटेत कोठेच नव्हते. माणसांची शरीरेच किरणशोधक झाली.

त्याच्या दीड वर्ष आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. त्या बटणांचे पोलाद महाराष्ट्रातील एका ओतशाळेत भंगारापासून तयार झाले होते. बटणे जोडणाऱ्या सुमारे २० कामगारांना मर्यादेहून अधिक किरणमात्रा मिळाली होती. मायापुरीत भंगार फोडणारा कामगार असो किंवा फ्रान्समधील बटणे जोडणारा कामगार असो, किंमत मोजावी लागते ती ज्याला काहीच सांगितले गेलेले नसते त्याला.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. दरवाजावरचा पहारेकरी हा शेवटचा पहारेकरी आहे, पहिला नव्हे. पार्श्वप्रारण, चढउतार, वेग, आणि मालाची आड यांमुळे त्याच्या दृष्टीला मर्यादा आहेत, आणि त्या कितीही पैसे खर्चले तरी पूर्णपणे जाणार नाहीत. पहिला पहारा म्हणजे नोंदवही. आपल्याकडे कोणता उगम आहे, तो कोठे ठेवला आहे, काम संपल्यावर कोणाच्या ताब्यात दिला, ही नोंद चोख असेल, तर भंगाराच्या गाडीत तो शोधण्याची वेळच येणार नाही. हुआरेझ आणि मायापुरी, दोन्हीकडे उगम कोठीत विसरल्यामुळे बाहेर पडला.

तुम्हांला यातून काय लक्षात ठेवावयाचे? पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्ये ठिपका व भोवती तीन पाती, हे किरणोत्सर्गाचे चिन्ह ओळखायला शिका. २००७ पासून धोकादायक उगमांसाठी आणखी एक लाल चिन्ह आले आहे. त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखवलेला असतो. असे चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी अनोळखी धातूची डबी कोठे दिसली, तर उघडू नका, उचलू नका, खिशात घालू नका. दूर व्हा आणि वडीलधाऱ्यांना, पोलिसांना कळवा. दूर होण्याचे मोल कमी लेखू नका. १० सेंटिमीटरवरून १० मीटरवर गेलात, तर अंतर शंभरपट होते आणि किरणांची तीव्रता दहा हजारावा भाग उरते. व्यस्त वर्गाचा हा नियम परीक्षेपुरता नाही. तो जीव वाचवणारा नियम आहे.

करून पाहा

अंगणात किंवा गच्चीवर खडूने एकसारखे २५ चौकोन आखा. पाऊस सुरू होताच दर चौकोनात साधारण १५-१६ थेंब पडेपर्यंत थांबा आणि पटकन त्यावर पत्रा किंवा छत्री धरून थेंब मोजा. (पाऊस नसेल, तर झारीचे बारीक तुषार उंचावरून सारखे उडवा.) सरासरी काढा, तिचे वर्गमूळ काढा. किती चौकोनांतील गणना सरासरीपासून एका वर्गमूळाच्या आत आहे? साधारण दोन-तृतीयांश किंवा थोडी अधिक संख्या मिळावी. मग मित्राला तुमच्या नकळत एका चौकोनात बोटाने आणखी ४ थेंब टाकायला सांगा. तो चौकोन तुम्हांला ओळखता येतो का? १५ थेंब टाकले तर?

विचार करा

१. एका दरवाजावर पार्श्वगणना सेकंदाला सरासरी ९०० आहे आणि मोटार ४ सेकंद समोर असते. घंटा चार मापांवर ठेवली, तर ती किती गणनेला वाजेल? सेकंदाला किमान किती वाढ आवश्यक?

२. आयोडीन-१३१ असलेली कचऱ्याची पिशवी २४ दिवस बाजूला ठेवली, तर क्रियाशीलतेचा कितवा भाग उरेल?

३. एका मोटारीत साध्या मिठाची पोती आहेत, दुसरीत तेवढीच पोटॅश खताची. कोणत्या मोटारीला घंटा वाजण्याचा संभव अधिक? दुसऱ्या टप्प्यातील ऊर्जापटात तुम्ही कोणत्या आकड्याशी उंचवटा शोधाल?